एका शिंगाचा पोळा

श्रावण वद्य नवमी, रविवार, संध्याकाळ. रक्कम रुपये एकोणतीस हजार. हजर: मी, माझी पत्नी सुनंदा, गंगापूरकडच्या आमच्या गावाहून आलेला माझा मोठा भाऊ अण्णा, आणि जिच्यासाठी ती रक्कम टेबलावर ठेवली होती ती आमची मुलगी ऋतुजा. ठिकाण बजाजनगरमधलं आमचं दोन खोल्यांचं घर. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करण्यासाठी ऋतुजा दोन वर्षांची पदविका करत होती, तिच्या दुसऱ्या वर्षाची ती फी. भरायची की नाही, हे त्या संध्याकाळी ठरायचं होतं. ठरलं नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. आता पुन्हा पोळा जवळ आलाय. औरंगपुऱ्यात दुकानांच्या बाहेर झुली लटकल्यात, गोंडे, घुंगरांच्या माळा, शिंगांना लावायच्या हिंगुळाचे लाल डबे. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. भिंतीपलीकडं फॅब्रिकेशनचा विभाग आहे आणि तिथं दिवसभर ग्राइंडर चालतो. वर्षभर तो आवाज माझ्या कानांवर पडतो आणि निघून जातो. श्रावण उतरणीला लागला की मात्र त्या आवाजाला वास यायला लागतो. लोखंडाचा नाही. केस जळावेत, नखं जळावीत, तसा. मग मी नट-बोल्टची मोजणी मध्येच सोडतो आणि बाहेर नळावर तोंड धुऊन येतो.

पहिल्या वर्षी ऋतुजा प्रॅक्टिकलहून घरी यायची तेव्हा सुनंदा आधी तिच्या बाह्या वर करून बघायची. मनगटापासून कोपरापर्यंत दोरांचे वळ. मांडीवर म्हशीच्या खुराचा निळा-काळा डाग, तो पुढं हिरवा झाला, मग पिवळा. एकदा आली ती कपड्यांसकट न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ पाणी ओतत राहिली. एका म्हशीच्या पोटात रेडकू मरून फुगलं होतं. बाहेर येईना. डॉक्टरांनी आत तार घालून ते आतल्या आत कापलं, आणि एकेक तुकडा ओढून बादलीत टाकायचं काम हिचं. पाय, दुसरा पाय, मान. म्हैस मात्र वाचली. हे सगळं ती जेवताना सांगत होती आणि तिसरी भाकरी मागत होती. सुनंदा ताटावरून उठून गेली.

मी हिशोबाचा माणूस आहे. माझ्या ओळखीनं आमच्याच कंपनीत ऑफिसात एक जागा होती. संगणकावर नोंदी करायच्या, चौदा हजार पगार, पीएफ, येण्याजाण्याला बस. दुसऱ्या बाजूला ही पदविका, आणि पुढं काय तर शेणात उभं राहून लाथा खाणं. दोन रकाने समोर मांडले की उत्तर उघड दिसत होतं. तरी मी बँकेतून फीचे पैसे काढून आणले होते, कारण पोरीनं पहिल्या वर्षाला पंचाहत्तर टक्के मिळवले होते. ते टक्केही कुठल्यातरी रकान्यात धरावे लागतात.

त्या रविवारी अण्णा पोळ्याचा बाजार करायला शहरात आला होता. गोंड्यांची पिशवी खुर्चीला टांगून त्यानं पाकिटाकडं बघितलं.

"भानू, पोरगी वाढवतो का खाटीक?"

"खाटकाला एवढी फी नसती, मोठे बाबा," ऋतुजा म्हणाली.

अण्णाला हसू आलं, पण ते त्यानं मिशीत दाबलं. "खांद्यापरेंत हात घालती म्हशीत. उद्या पाव्हणे बघाया आले तं काय सांगशीन?"

"सांगीन, साबणानं धुतलाय."

"बघ, जबान बघ हिची," अण्णा मला म्हणाला. "जनावराचं काम गड्याचं असतं. अंगात रग लागती. बैल फिरला तं ही काय करंन? थर्मामीटर दाखविन?"

मी पाकीट उचलून कपाटात ठेवलं. "पोळा होऊ द्या, मग बघू," म्हणालो. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं नाही. गोंड्यांतला एक सुटलेला धागा ती बोटाला गुंडाळत बसली. डाव्या हाताच्या करंगळीला. मला ते आठवतं, कारण ती करंगळी तेव्हा सरळ होती.

पोळ्याआधी बैलांची शिंगं साळायची असतात. वरचा खरबरीत थर काढायचा, शिंग गुळगुळीत करायचं, टोकाला आकार द्यायचा, म्हणजे हिंगूळ चांगला बसतो. आमचे वडील हे काम काचेच्या तुकड्यानं आणि कानशीनं करत. दोन दिवस लागत. बैल रवंथ करत बसायचा, वडील त्याच्याशी बोलत बसायचे, आणि शिंगाचा पांढरा भुसा त्यांच्या धोतरावर पडायचा. आता गावात गोरख येतो. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. बोर्डातून वायर ओढून आणतो आणि ग्राइंडर लावतो. पाच मिनिटांत शिंग आरशासारखं. त्या वर्षी तो घरोघर फिरत होता आणि घरोघर लोक खूश होते.

चतुर्दशीला शुक्रवार होता, कंपनीची सुट्टी. आम्ही तिघं गावी गेलो. अण्णाच्या अंगणात हरण्या लिंबाला बांधलेला होता. हरण्या म्हणजे त्याचा उजवीकडचा बैल, तांबूस, अंगानं मोठा, पण आयुष्यात कुणावर धावला नव्हता. त्याचं उजवं शिंग जोडीदाराच्या शिंगापेक्षा चार बोटं लांब होतं. जोड दिसली पाहिजे, वेशीतल्या तोरणाखालून जाताना चारी शिंगं एका मापाची दिसली पाहिजेत, हा अण्णाचा हट्ट.

"मोठे बाबा, वरचं साळा, पण कापू नका," ऋतुजा म्हणाली. "वरून नखासारखं असतं, पण आत हाडाचा गाभा हाय. त्यात रक्त असतं. तिथं लागलं तं आवरायचं नाय."

"पन्नास पोळे केले म्या."

"काचेनं केले. मशिनीनं नाय."

"गोरख, तू चालू कर रं," अण्णा म्हणाला. "पोरीचं अजून पयलंच वर्ष झालंय."

गोरख हसला. ग्राइंडर सुरू झाला. अण्णानं वेसण धरली होती, मी गळ्याचं दावं, आणि शेजारचा एक गडी मागं शेपटीला. हरण्याच्या अंगावरची कातडी लाटेसारखी थरथरत होती. चाक शिंगाला टेकलं, पांढरा धूर निघाला, आणि तो वास आला.

पुढचं सगळं एका दमात झालं. चाक आत गेलं आणि अडकलं. हरण्यानं डोकं झटकलं. मशीन गोरखच्या हातातून उडालं, त्याच्या गुडघ्याला घासून जमिनीवर पडलं आणि भिरभिरत वायर कापून बंद झालं. शिंगातून रक्ताची चिळकांडी उडाली. पाझरलं, वाहिलं असं नाही. उडाली. लिंबाच्या खोडावर, अण्णाच्या पांढऱ्या टोपीवर, माझ्या चष्म्यावर. अण्णानं वेसण खेचली आणि ती नाकपुडी फाडून बाहेर आली. बैलाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हंबरणं नव्हतं ते. त्यानं डोकं खोडावर आपटलं, एकदा, परत एकदा, आणि शिंग मुळाशी तडकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

अण्णा चाबूक घेऊन मारत सुटला. का मारत होता, त्याचं त्यालाही माहीत नसावं. शेजारचा गडी काठीनं ढोसत होता. गोरख गुडघा धरून शिव्या देत होता. मी दावं ओढत होतो आणि "ओढा, ओढा" असं ओरडत होतो. बैल आधीच झाडाला बांधलेला होता. ओढायचं कशाला?

"मारू नका!" ऋतुजाचा आवाज. "पप्पा, ढील द्या! ढील! मोठे बाबा, चाबूक टाका!"

तिनं अण्णाच्या मोटारसायकलवर पडलेली जुनी ट्यूब घेतली आणि बाजूनं, त्याच्या डोळ्याआडून, हरण्याच्या मानेला जाऊन भिडली. एक हात त्याच्या डोळ्यावर ठेवला. दुसऱ्यानं ट्यूब शिंगाच्या मुळाभोवती घातली. रक्त तिच्या तोंडावर पडत होतं, ती थुंकत होती आणि गुंडाळत होती. एक वेढा, दोन वेढे. तेवढ्यात बैलानं परत डोकं फिरवलं आणि तिचा डावा हात शिंग आणि खोडाच्या मध्ये गेला.

ती किंचाळली. मी दावं सोडून धावलो. हात निघाला तेव्हा शेवटची दोन बोटं चपटी झाली होती. माझी मुलगी मला म्हणाली, "पप्पा, टोक धरा. ट्यूबचं टोक. ताणा. अजून ताणा." मी ताणलं. उजव्या हातानं तिनं गाठ दिली, दुसरी गाठ दिली. रक्ताची धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग थांबली. तेव्हा कुठं ती खाली बसली आणि रडायला लागली.

सुनंदानं ओली ओढणी हाताला बांधली. मी म्हणालो, गाडी काढतो, दवाखान्यात चल. ऋतुजा म्हणाली, आधी पठाण सरांना फोन. डॉक्टर पठाण म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर, गंगापुरात राहतात. ती प्रॅक्टिकलला त्यांच्याकडंच जात होती. ते स्कूटरवर आले. आधी त्यांनी तिचा हात बघितला, मग बैलाचं शिंग, आणि मग अण्णाला म्हणाले, "शिंग मुळापासून काढावं लागंल. डोक्याचं हाड उघडं पडलंय."

"पट्टी बांधा," अण्णा म्हणाला. "उद्या पोळा हाय. परवा बघू."

"मोठे बाबा, आत पू होईल," ऋतुजा जमिनीवर बसूनच म्हणाली. "माश्या बसतील, अळ्या पडतील. महिन्याभरात डोकं आपटून आपटून मरंन तो."

"तू गप!" अण्णा तिच्यावर धावला. "भुंडा बैल घेऊन जाऊ तोरणाखालून? सगळं गाव थुंकंन मपल्या तोंडावर! तुझ्या पायगुणानं झालं हे. तू आली आन् झालं!"

चाबूक वर गेला होता. अण्णाचा हात मी धरला. मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता. तो माझ्यापेक्षा ताकदवान आहे. झटकला असता तर मी पडलो असतो. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, दोघांच्याही अंगावर त्याच बैलाचं रक्त.

डॉक्टर पठाण इंजेक्शन भरत होते. मान वर न करता म्हणाले, "पाटील, शिंग पाहिजे का बैल? एक बोला. ये बच्ची का हाथ सूज रहा है, मला उशीर करू नका."

अण्णानं हात सोडवून घेतला. चाबूक गोठ्याच्या कुडावर फेकला.

"कापा," म्हणाला, आणि पाठ फिरवली.

डोळ्याच्या मागं सुई दिली, भूल चढू दिली, मग तारेची करवत. परत तोच धूर, तोच वास. ऋतुजा एका हातानं कापूस देत होती. डॉक्टर मागायच्या आधी चिमटा पुढं करत होती. शिंग खाली पडलं. कपाळाला जे भोक पडलं होतं ते आतून नाकाशी जोडलेलं असतं, त्यातून हरण्या श्वास सोडताना रक्ताचे बुडबुडे येत होते. माणसाच्या नजरेला ते सहन होत नाही. तिनं तिथं जाळीची पट्टी बसवली, पुठ्ठ्याचा तुकडा कापून आधार दिला आणि उरलेल्या शिंगाला बांधून घेतली. मग मला म्हणाली, "चला आता, लई दुखतंय."

पोळ्याचा दिवस आम्ही शहरातल्या हॉस्पिटलात काढला. बोटांत तारा घातल्या. शुद्धीवर आली तेव्हा तिनं गोरखला अशा शिव्या दिल्या की शेजारच्या खाटेचा पडदा नर्सबाईंनी ओढून घेतला. संध्याकाळी उशिरा वहिनींचा फोन आला. अण्णानं हरण्याला मिरवणुकीत नेलं होतं, सगळ्यांच्या शेवटी, कपाळाला पांढरी पट्टी, एका शिंगाला हिंगूळ. तोरणाशी कुणीतरी म्हणालं, "अण्णा, गेंडा कुठून आणला वो?" सगळी वेस हसली. अण्णा बैल घेऊन तसाच पुढं गेला. घरी येऊन त्यानं पुरणपोळी बैलाला चारली आणि स्वतः उपाशीच आडवा झाला.

रात्री ऋतुजा छताकडं बघत म्हणाली, "पप्पा, तुमच्या कंपनीतली ती जागा गेली का?"

हे तिनं म्हणावं म्हणून मी वर्षभर वाट बघितली होती. आता ती म्हणत होती आणि मला आनंद होत नव्हता. मी काल अंगणात माणसं मोजली होती. हिशोबी माणसाची सवय आहे, वाईट प्रसंगातही मोजणी होतेच. चार पुरुष होतो. चौघेही ओढत होतो, मारत होतो, ओरडत होतो. थांबवणारी एकच होती. मला इतके दिवस वाटत होतं की या कामातली मारझोड, रक्त, लाथा यांपासून पोरीला लांब ठेवावं. पण ते रक्त तिच्या कामातून निघालं नव्हतं. आमच्या हौसेतून निघालं होतं. तिचं काम त्यानंतर सुरू झालं.

तरी मी तिला काही समजावलं नाही. हात तिचा होता. जे खरं होतं तेवढं सांगितलं. "जागा आहे. सोमवारपर्यंत कळवायचंय. फीचीही मुदत सोमवारपर्यंतच आहे."

तिनं पट्टी बांधलेला डावा हात उशीवर नीट ठेवून घेतला. मग म्हणाली, "हरण्याचा घास बघायला पाहिजे. जबडा हलवतो का नीट. मोठे बाबा काही सांगायचे नाहीत, मोठ्या आईला विचारा." आणि थोड्या वेळानं, जरा चिडून, "उजव्या हातानं सही चालती ना फॉर्मवर? मग भरा."

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकून एकोणतीस हजार भरले.

आता ती सकाळी शहरातल्या एका दवाखान्यात असते, कुत्री-मांजरं, आणि दुपारनंतर पठाण डॉक्टरांबरोबर गंगापूरच्या रस्त्याला. मार अजून खाते. गेल्या महिन्यात एका बंगल्यातल्या जर्मन शेफर्डनं तिच्या दंडाला दात लावले, आणि मालकीणबाई म्हणत होत्या, "तो कधीच चावत नाही हो, तुम्हीच काहीतरी केलं असेल." घरी येऊन तिनं त्या बाईंची नक्कल केली. सुनंदा हसून हसून खाली बसली. हीच सुनंदा पूर्वी ताटावरून उठायची. डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही, आकड्यासारखी वाकलेली राहते. थंडीत ठणकते. ऋतुजा म्हणते, दोर त्यात बरा अडकतो. मला ते ऐकवत नाही, पण मी तिला तसं सांगत नाही.

अण्णा तीन वर्षं तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. गेल्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. पिकाचं बोलला, उसाच्या तोडीचं बोलला, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "भानू, शिंगं साळायचीत. पोरीला इचार, तिचं काय असतं ते."

"काय असतं म्हणजे?"

"आरं, फी. काय घेती ती?"

काल आम्ही गेलो. हरण्या आता म्हातारा झालाय. औताला जुंपत नाहीत, पण पोळ्याला तो लागतोच. कपाळावरचं भोक भरून तिथं टणक, केस नसलेली कातडी आली आहे. ऋतुजानं पिशवीतून कानस काढली, काचेचा तुकडा काढला. अंगणाच्या टोकाला गोरख उभा होता, लंगडत पुढं आला. "ताई, मी वेसण धरू का?"

"गोरखभाऊ, तुमी तिथंच बरे," ती म्हणाली. "तिथून लई छान दिसता."

सगळे हसले. गोरखही हसला, पण पुढं आला नाही. तिनं हरण्याच्या डोळ्यावर हात ठेवला, थांबली, त्याचा श्वास खाली येऊ दिला आणि मग साळायला लागली. पांढरा भुसा तिच्या पंजाबी ड्रेसवर पडत होता. धूर नव्हता. वास नव्हता. एका ठिकाणी हरण्यानं मान उडवली, तशी ती कानस टाकून मागं सरली, आणि मी पाहिलं की अण्णा नकळत दोन पावलं पुढं आला होता, हात पुढं करून, तिला धरायला. तिघांच्याही ते लक्षात आलं. तिनं कानस उचलली आणि परत साळायला लागली. एक शिंग हरण्याचं, दोन त्याच्या जोडीदाराची. दुपार झाली.

अण्णानं घरातून ताट आणवलं. कुंकू, सुपारी, आणि पाचशेची नोट. वर एक रुपयाचं नाणं.

"घे बाळा."

तिनं हात धुतले, नोट उचलली, आपल्या पाकिटातून दोनशे काढून ताटात ठेवले. नाणंही तिथंच ठेवलं.

"मोठे बाबा, माझी फी तीनशे हाय. ओवाळणी दिवाळीला घेईन, ती सोडणार नाय."

अण्णानं ते दोनशे उचलले, घडी केली, बंडीच्या खिशात ठेवले. मग अंगणात जमलेल्या लोकांकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "तीनशे घेती. ज्याला साळायचीत त्यानं आताच बोला, उद्या ती शहरात जाईन."

दिले: रुपये तीनशे, रोख. देणारा माझा भाऊ. घेणारी ऋतुजा, शिंगं साळण्याची मजुरी म्हणून. हजर सगळं अंगण.